प्रतीक्षेचा हिशेब : संगणकाची स्मृती आणि खेळाचा वेग

शेगावहून संग्रामपूरच्या दिशेने येताना, उत्तरेला सातपुड्याची रांग दिसू लागते त्या सपाट काळ्या मातीच्या मुलखात, वरवट बकाल हे बाजारपेठेचे गाव आहे. आणि ज्या पंचक्रोशीची व्यवहारबुद्धी पिढ्यान्‌पिढ्या कापसाच्या क्विंटलात, तुरीच्या पोत्यात आणि अडत्याच्या हिशेबपट्टीत मुरलेली आहे, तिने संगणकाची रॅमही मापावर घ्यावी, यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. ‘किती जीबी?’ हा गिऱ्हाइकाचा प्रश्न आणि ‘आठ टाकून देतो’ हे दुकानदाराचे उत्तर, एवढ्यावर सौदा पुरा होतो. ती आठ जीबी एका पट्टीत आहे की दोन पट्ट्यांत, पट्टीवर छापलेला ३२०० हा आकडा मशीन प्रत्यक्षात मान्य करते की नाही, आणि मागितलेली वस्तू हाती पडेपर्यंत प्रोसेसरास किती काळ तिष्ठत राहावे लागते, या तीन बाबींची विचारपूस कोणी करीत नाही. परंतु संध्याकाळी त्याच मशीनवर गेम सुरू होऊन ऐन चकमकीच्या क्षणी चित्र गचके खाऊ लागले म्हणजे ‘लॅग मारून राह्यला’ अशी जी तक्रार उठते, तिचा उगम पुष्कळदा या न विचारलेल्या प्रश्नांतच असतो. प्रस्तुत पुस्तिका त्या प्रश्नांसाठी लिहिली आहे.

खेळासारख्या विषयावर एवढी शाई खर्ची घालावी काय, असे विचारणारे वडीलधारे आमच्याकडे आहेत, आणि त्यांचा आदर राखूनच सांगावयाचे तर, सामान्य माणसाच्या घरात शिरलेल्या संगणकाची खरी परीक्षा खेळाइतकी कठोर दुसरे कोणतेही काम घेत नाही. सातबाऱ्याचा उतारा छापणारे किंवा पीकविम्याचा अर्ज भरणारे मशीन अर्धा सेकंद थबकले, तर ते कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि आले तरी त्याचे खापर सर्व्हरच्या माथी फुटते. खेळात मात्र सेकंदाला साठ चित्रे पडद्यावर उमटावयाची, म्हणजे एका चित्राच्या वाट्यास सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्या अवधीत खेळाडूच्या हाताची हालचाल वाचावयाची, शत्रूंच्या चाली ठरवावयाच्या, कोण कोणावर आदळले याचे गणित सोडवावयाचे, आणि दृश्यातील प्रत्येक भिंत, झाड व सावली नव्याने रंगवावयाची. ज्याच्यापुढे सेकंदाला १४४ चित्रे दाखविणारा मॉनिटर आहे, त्याच्या मशीनला तर याच कामासाठी सात मिलिसेकंदही मिळत नाहीत. काम थोडे उशिरा झाले तरी चालेल, ही सवलत येथे नाही. म्हणून स्मृतीच्या वेगाचे गुणदोष, जे इतर कामांत झाकले जातात, ते खेळात उघडे पडतात.

वेग हा एकच गुण आहे असे मानणे हीच या विषयातील पहिली अडचण होय. जुन्या वऱ्हाडातील तालुका कचेरीचे चित्र डोळ्यांपुढे आणले तर तीतून सुटण्याचा मार्ग दिसतो. तहसीलदारसाहेब हुकूम लिहिण्यात कितीही चपळ असोत, मिसल पुढ्यात येईपर्यंत त्यांचा टाक थांबलेलाच असतो. मिसल मेजावर असली तर हात लांबविण्याचा अवकाश. शिरस्तेदाराच्या कपाटात असली तर थोडा खोळंबा. आणि दफ्तरखान्यात लाल बासनात बांधून ठेवलेली असली, तर चपराशाने तेथवर जावे, दफ्तरदाराने बरोबर ते बासन हुडकावे, गाठ सोडावी, आणि मग ती मिसल हुजुरांपुढे रुजू व्हावी. प्रोसेसरच्या पोटातील कॅश मेमरी हे मेज आणि कपाट. रॅम हा दफ्तरखाना. आता या दफ्तरखान्याचा कारभार सुधारावयाचा तर दोन स्वतंत्र मार्ग आहेत. एका खेपेस दहा मिसली आणता येतील अशी व्यवस्था करणे हा एक, आणि जाऊन परत येण्याचा वेळ कमी करणे हा दुसरा. पहिल्याने एका दिवसात हलणाऱ्या कागदांचे परिमाण वाढते, परंतु तातडीने हव्या असलेल्या एकट्या मिसलीची प्रतीक्षा त्याने तसूभरही घटत नाही. रॅमच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत जो आकडा छापलेला असतो तो पहिल्या मार्गाचा, म्हणजे वहनक्षमतेचा आहे. प्रतीक्षेचा आकडा बारीक टाइपात, ‘सीएल’ या दोन अक्षरांमागे दडलेला असतो, आणि तो वाचण्यासही थोडे अंकगणित लागते.

ते अंकगणित येथेच करून दाखवितो, कारण पुढील सर्व प्रकरणे त्यावर उभी आहेत. २००० साली डीडीआर स्मृतीचे प्रमाण जाहीर झाले, आणि पुढील काही वर्षांत तिची जी ४०० आकड्याची जात घरोघर पोहोचली, ती एका मार्गिकेवरून सेकंदाला ३.२ गिगाबाइट वाहून नेई. आज डीडीआर५ची ६००० आकड्याची पट्टी ४८ गिगाबाइट नेते. म्हणजे वहनक्षमता पंधरापट झाली. आता प्रतीक्षा पाहा. जुन्या पट्टीचे घड्याळ २०० मेगाहर्ट्‌झचे, एक ठोका पाच नॅनोसेकंदांचा, आणि तिच्या चांगल्या प्रतीची सीएल दोन. गुणाकार दहा नॅनोसेकंद. नव्या पट्टीचे घड्याळ ३००० मेगाहर्ट्‌झचे, एक ठोका नॅनोसेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाचा, आणि सीएल तीस. गुणाकार पुन्हा दहा नॅनोसेकंद. मध्यंतरीची डीडीआर४, ३२०० आणि सीएल सोळा, हीही त्याच दहावर येऊन थांबते. वीस वर्षांच्या या सुधारणेत दफ्तरखान्याचे दरवाजे रुंदावत गेले, परंतु आतले अंतर जवळपास होते तेवढेच राहिले. ज्याच्या ध्यानी हे एक वाक्य आले, त्याला बाजारातील निम्म्या जाहिराती आपोआप वाचता येतील.

असे का व्हावे, याचे कारण स्मृतीच्या घडणीत आहे. अमेरिकेतील आयबीएम कंपनीत रॉबर्ट डेनार्ड यांनी एका ट्रान्झिस्टरला एक सूक्ष्म विद्युत्‌धारक जोडून एक अंक साठविण्याची जी युक्ती काढली, आणि जिचे पेटंट त्यांस १९६८ साली मिळाले, तीच आजही प्रत्येक रॅममध्ये वापरली जाते. धारकात विद्युत्‌भार असला तर एक, नसला तर शून्य. परंतु हा धारक इतका लहान, की त्यातील भार वाचावयाचा म्हणजे एका लांबलचक तारेवर उमटणारा अतिक्षीण फरक ओळखून तो मोठा करून घ्यावयाचा. आणि या भौतिक क्रियेला जो वेळ लागतो तो घड्याळ वाढवून कमी होत नाही. शिवाय धारक गळका असतो. डीडीआर४मध्ये प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत वाचून पुन्हा भरावी लागते, आणि ही भरणी चालू असताना त्या विभागाचा दरवाजा प्रोसेसरला बंद असतो. आठ गिगाबिटांच्या चिपेत दर ७.८ मायक्रोसेकंदांनी ३५० नॅनोसेकंद या कामी जातात, म्हणजे एकूण काळाचा सुमारे साडेचार टक्के हिस्सा. चिपेचे तापमान ८५ अंशांवर गेले की गळती वाढते म्हणून भरणी दुपटीने करावी लागते, आणि तो हिस्सा नऊ टक्क्यांवर जातो.

वैशाखातल्या दुपारी जेथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्या अकोला-बुलढाण्याच्या पट्ट्यात हा मजकूर केवळ माहितीदाखल वाचून सोडण्यासारखा नाही. खोलीच्या ४५ अंशांवरून चिपेचे ८५ व्हावेत असे सहसा घडत नाही, हे खरे. परंतु कॅबिनेट भिंतीला टेकवून ठेवलेले, मागचा पंखा कापसाच्या तंतूंनी आणि धुळीने गुदमरलेला, आणि त्यात रॅम तिच्या प्रमाणाबाहेरच्या वेगाने धाववलेली, अशी परिस्थिती असली तर हिवाळ्यात बिनतक्रार चालणारी जोडणी उन्हाळ्यात खेळ मध्येच बंद पाडू लागते, आणि गिऱ्हाईक गेमची प्रत खराब आहे असे समजून ती पुन्हा पुन्हा उतरवून घेत बसते. मोबाइलवर बीजीएमआय खेळणाऱ्यांची उन्हाळी तक्रारही काही अंशी याच जातीची आहे. मात्र तेथे तापलेला प्रोसेसर स्वतःच आपला वेग आवरता घेतो, हा दोष मोठा.

प्रोसेसरची धाव आणि स्मृतीची चाल यांतील हे अंतर अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेले नव्हते. १९९५ साली वुल्फ आणि मॅकी या दोघा अमेरिकी संशोधकांनी एका लहानशा निबंधात असा इशारा दिला होता, की प्रोसेसर असेच वेगाने सुधारत राहिले तर एक वेळ अशी येईल की संगणकाची गती सर्वस्वी स्मृतीच ठरवील. त्यांचे भाकीत शब्दशः खरे ठरले असे म्हणता येणार नाही, परंतु त्यांनी दाखविलेली भिंत अजून उभी आहे. चार गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचा एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा. आणि रॅमपर्यंत जाऊन परत येण्याचा संपूर्ण प्रवास, केवळ सीएल नव्हे तर मधल्या सर्व चौक्या धरून, ऐंशी नॅनोसेकंदांच्या आसपास. म्हणजे मेजावर न सापडलेल्या एका मिसलीपायी सव्वातीनशे ठोके वाया जातात. आमच्या मुलखाशी संबंध असलेली एक गोष्ट या संदर्भात नोंदवून ठेवण्याजोगी आहे. अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा या गावी जन्मलेल्या विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तेव्हा त्याच्या रचनेत एका विशाल सामाईक स्मृतीपुढे सर्व प्रोसेसरांची रांग लावण्याऐवजी प्रत्येक ट्रान्सप्युटरजवळ त्याची स्वतःची स्मृती ठेवलेली होती. कामाचे विभाजन करणे त्यामुळे अवघड झाले, परंतु एकाच दफ्तरखान्याच्या दारातील गर्दी टळली. खेळांशी त्या यंत्राचा काही संबंध नव्हता. अडचण मात्र सख्खी होती.

आता खेळाकडे वळू. खेळ स्मृतीची मागणी दोन तऱ्हांनी करतो, आणि हा भेद ज्या पुस्तकांतून स्पष्ट होत नाही ती मला उपयोगी वाटलेली नाहीत. प्रोसेसरची मागणी विस्कळीत असते: या पात्राची जागा, त्या दाराची स्थिती, तिसऱ्या गोळीची दिशा, स्मृतीच्या दूरदूरच्या कोपऱ्यांतून थोडा थोडा मजकूर, आणि पुढचा कोठे आहे हे पुष्कळदा आधीचा हाती आल्यावरच कळणार. येथे प्रतीक्षा महत्त्वाची. चित्र रंगविणाऱ्या ग्राफिक विभागाची मागणी याच्या उलट, म्हणजे एकसलग आणि अवाढव्य. तो एका तुकड्याची वाट पाहत असताना हजारो दुसऱ्या बिंदूंचे काम चालू ठेवू शकतो, म्हणून त्याला प्रतीक्षेची फारशी फिकीर नसते, परंतु वहनक्षमता मात्र तो मिळेल तितकी गिळतो. स्वतंत्र ग्राफिक कार्ड असलेल्या मशीनमध्ये या दोघांचे संसार वेगळे असतात. कार्डावर त्याची स्वतःची, जीडीडीआर जातीची, रुंद मार्गाची स्मृती बसविलेली असते. ज्या मशीनला कार्ड नाही तेथे चित्रकार आणि कारभारी या दोघांनाही एकाच रॅममधून वाटा घ्यावा लागतो.

आणि आमच्या गावातील बहुसंख्य मशीन्स याच दुसऱ्या वर्गातील आहेत. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतून सेवानिवृत्त होऊन आलेला, चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा डबा, त्यात डीडीआर३ची १६०० आकड्याची चार जीबीची एकच पट्टी, शेजारचा स्लॉट रिकामा, ग्राफिक कार्ड नाही. हा नमुना कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात पाहावयास मिळेल. त्या एका पट्टीची वहनक्षमता सेकंदाला १२.८ गिगाबाइट. रिकाम्या स्लॉटमध्ये तशीच दुसरी पट्टी बसविली की दुसरी मार्गिका खुली होते आणि तीच २५.६ होते. प्रोसेसर बदलला नाही, मदरबोर्ड बदलला नाही, आणि अंगभूत ग्राफिक्सवर चालणाऱ्या खेळाच्या गतीत तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाढ झाली, असे सर्रास घडते. नव्या मशीनांत, उदाहरणार्थ रायझन ५ ५६००जीसारख्या अंगभूत चित्रशक्तीच्या प्रोसेसरवर, हा फरक अधिकच ठळक होतो, कारण तेथील चित्रकार अधिक समर्थ असल्यामुळे अधिक उपाशी असतो. स्मृतीच्या वेगाची चर्चा श्रीमंतांच्या छंदाची चर्चा आहे, असा जो समज आहे तो मला सर्वथा विपर्यस्त वाटतो. लाखाचे कार्ड बसविलेल्या माणसाला रॅमच्या आकड्याने चारदोन चित्रांचा फरक पडेल. ज्याच्याजवळ कार्डच नाही, त्याचे सर्वस्व त्या पट्टीवर अवलंबून आहे.

या अवलंबनाचे एक महाराष्ट्रीय उदाहरण आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने रचलेला ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वप्रथम निन्टेन्डो स्विच या हातातल्या यंत्रावर प्रसिद्ध झाला. भारतीय पुराणकथांच्या आधाराने रचलेला, महालांच्या कमानी आणि भित्तिचित्रे यांनी नटलेला हा खेळ ज्या यंत्रावर अवतरला, त्याची सारी स्मृती चार जीबी, तीही प्रोसेसर आणि चित्रविभाग यांच्यात सामाईक, आणि तिची कमाल वहनक्षमता २५.६ गिगाबाइट, म्हणजे वर वर्णिलेल्या जुन्या डब्यात दोन पट्ट्या टाकल्यावर जेवढी होते नेमकी तेवढीच, आणि यंत्र टीव्हीपासून सोडवून हातात घेतले म्हणजे त्याहून कमी. सेकंदाला तीस चित्रे धरली तर एका चित्रामागे साडेआठशे मेगाबाइटांच्या आसपास वाहतूक करता येते. पूर्ण एचडी आकाराचे एक चित्र साठविण्यास आठ मेगाबाइटांहून थोडे अधिक लागतात, हे ध्यानात घेतले तर साडेआठशे ही रक्कम प्रशस्त वाटेल. परंतु रंग, खोली, सावली, धूर, प्रकाश अशा प्रत्येक थरासाठी त्याच बिंदूंवरून पुन्हा पुन्हा हात फिरवावा लागतो, शिवाय दगडाचा पोत आणि वस्त्राची वीण स्मृतीतून वेगळी आणावी लागते, आणि रक्कम पाहता पाहता सरते. मर्यादित स्मृतीवर खेळ रचणाऱ्यास कोणता पोत किती लहान करावा, कोणती सावली आधीच रंगवून ठेवावी, यांचा हिशेब पै-पैने करावा लागतो. आमच्या मुलांना जो खेळ केवळ ‘भारी’ किंवा ‘हलका’ वाटतो, त्या हलकेपणामागे कोणाचे तरी महिनोन्‌महिने गेलेले असतात.

मोठ्या कंपन्याही या हिशेबात चुकलेल्या आहेत. २०१३ साली सोनीने प्लेस्टेशन ४ला जीडीडीआर५ची आठ जीबी सामाईक स्मृती दिली, वहनक्षमता १७६ गिगाबाइट. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी स्वस्त डीडीआर३ निवडली, वहनक्षमता ६८, आणि तूट भरून काढण्यासाठी ३२ मेगाबाइटांचा एक अतिवेगवान कप्पा चिपेतच ठेवला. त्या कप्प्यात सर्व थर मावत नसत. त्या वर्षीचा ‘कॉल ऑफ ड्यूटी : घोस्ट्‌स’ पहिल्या यंत्रावर १०८० ओळींत आणि दुसऱ्यावर ७२० ओळींत चाले. सोनीच्या यंत्राची चित्रशक्तीही अधिक होती, तेव्हा सारा दोष स्मृतीच्या पदरी घालणे न्यायाचे होणार नाही. तथापि तिचा वाटा मोठा होता.

याहून उद्वेगजनक प्रकार म्हणजे नाव तेच ठेवून आतला माल बदलण्याचा. एनव्हिडियाचे जीटी १०३० हे स्वस्त कार्ड २०१७ साली जीडीडीआर५ स्मृतीसह आले. तिची वहनक्षमता ४८ गिगाबाइट. पुढल्या वर्षी त्याच नावाचे दुसरे कार्ड डीडीआर४ स्मृतीसह बाजारात आले; वहनक्षमता १६.८. खोक्यावर नाव तेच आणि दोन जीबी हा आकडाही तोच, खेळातील गती मात्र पुष्कळ ठिकाणी निम्म्यावर. कमी ताकदीच्या जुन्या डब्यात बसणारे कार्ड म्हणून आमच्याकडे याला मोठी मागणी असते, आणि ‘जीबी’ पाहून माल घेण्याची जी सवय वर सांगितली, तिला फसविण्यासाठी याहून सोयीचे खोके कोणी मुद्दाम बनवू म्हटले तरी त्यास जमणार नाही. जीटीएक्स १६५० या कार्डाचेही असेच दोन अवतार आहेत, १२८ आणि १९२ गिगाबाइटांचे. तेथे निदान दुसरा अवतार पहिल्यापेक्षा सरस निघाला. कार्डाच्या खोक्यावरील स्मृतीची जात वाचल्यावाचून पैसे मोजू नयेत.

वेग कोठे निरुपयोगी ठरतो, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. रॅम मुळात अपुरी असेल तर तिच्या वेगाची चर्चा व्यर्थ आहे. ‘जीटीए ५’ या २०१५ साली संगणकावर आलेल्या खेळाने किमान चार जीबी मागितली होती आणि आठची शिफारस केली होती. चार जीबीच्या मशीनवर विंडोज आणि एखादा ब्राउझर आपला हिस्सा घेऊन बसल्यावर उरलेला संसार हार्ड डिस्कवर हलवावा लागतो, आणि ते म्हणजे मिसल तालुक्याच्या दफ्तरखान्यात नसून बुलढाण्याहून मागवावी लागण्यासारखे आहे. रॅमचा विलंब नॅनोसेकंदांत, फिरत्या डिस्कचा मिलिसेकंदांत. दोहोंत लक्षपटीचे अंतर. तेव्हा आधी पुरेशी रॅम, मग दोन मार्गिका, आणि आकड्याचा विचार त्यानंतर. हा क्रम मी तरी उलटा करू देणार नाही. ज्याच्या मशीनमध्ये स्वतंत्र कार्ड आहे आणि तेच पूर्ण दमलेले आहे, त्यालाही वेगवान रॅमचा लाभ क्वचितच दिसेल. याउलट ‘व्हॅलोरंट’सारख्या खेळात, जेथे चित्र हलके आणि गतीची हाव मोठी, तेथे प्रोसेसरची प्रतीक्षाच आडवी येते. ही प्रतीक्षा किती महाग आहे, याचा पुरावा एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरने एप्रिल २०२२ मध्ये दिला. आपल्या आधीच्या भावापेक्षा त्याचे घड्याळ थोडे मंद होते, परंतु कॅश मेमरी ३२ऐवजी ९६ मेगाबाइट होती. आणि बहुतेक खेळांत मंद घड्याळाचा हा प्रोसेसर पुढे गेला. मेज मोठे केल्याने दफ्तरखान्याच्या खेपा कमी झाल्या, आणि गंमत अशी की, त्यामुळे रॅमच्या आकड्याचे महत्त्वही त्याच्यापुरते घटले.

मोजणीच्या बाबतीत सरासरीवर विसंबू नये, हे एका उदाहरणाने दाखवितो. एका सेकंदात साठ चित्रे उमटली. त्यांपैकी एकोणसाठ प्रत्येकी बारा मिलिसेकंदांत आली आणि एकाला २९२ मिलिसेकंद लागले. कोपऱ्यातील आकडा साठच दाखवील, आणि खेळाडू मात्र त्या एका चित्राच्या अवधीत मारला गेलेला असेल. स्मृतीच्या सुधारणेचा खरा परिणाम पुष्कळदा सरासरीत नव्हे, तर या सर्वांत वाईट क्षणांत दिसतो. म्हणून या पुस्तिकेतील सर्व कोष्टकांत सर्वांत मंद एक टक्का चित्रांचा रकाना सरासरीच्या आधी दिला आहे.

दुकानाच्या टेबलावरच्या चारदोन गोष्टी आता सांगतो. ३२०० छापलेली पट्टी घेतली म्हणजे ३२०० मिळाले असे होत नाही. अशा बऱ्याच पट्ट्या बसविल्याबरोबर २१३३, २४०० किंवा २६६६ या प्रमाणित वेगाने सुरू होतात, आणि बायोसमध्ये शिरून एक्सएमपी हा पर्याय चालू केल्याखेरीज छापील वेग लागू होत नाही. मदरबोर्डालाही ते मंजूर असावे लागते. भारतात स्वस्ताईमुळे अतोनात खपलेल्या एच३१० बोर्डावर आय-थ्री ८१०० प्रोसेसर असला, तर पट्टी कितीही वेगवान आणा, कारभार २४००च्या पुढे जात नाही. दोन निरनिराळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र बसविल्या तर दोन्ही मंद पट्टीच्या चालीने चालतात. चार स्लॉट असले तर पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवाव्या. लागोपाठच्या दोन स्लॉटमध्ये बसवून दुसरी मार्गिका बंदच राहिलेली मशीन्स पाहावयास मिळतात. सीपीयू-झेड या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये ३२००च्या ठिकाणी १६०० दिसले म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालू नये. तो प्रोग्रॅम घड्याळाचे ठोके मोजतो आणि डीडीआर स्मृती एका ठोक्यात दोनदा माल देते. शेवटची गोष्ट खोडरबराची. मशीन चालू होईना म्हणजे आमचे कारागीर पट्टी काढून तिच्या सोनेरी संपर्कपट्ट्या शाळकरी खोडरबराने घासतात, फुंकर मारतात आणि पट्टी टक् आवाज होईपर्यंत पुन्हा दाबून बसवितात. पुष्कळदा त्याने काम होतेही, कारण दोष धुळीचा आणि काजळीचा असतो. मात्र रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नये, घासणे हलक्या हाताने असावे, आणि फुंकरीऐवजी कोरडा ब्रश वापरावा, कारण तोंडची वाफ ओलावा सोडते.

या पुस्तिकेचे लेखन चालू असतानाच बाजार पालटला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी स्मृतीची प्रचंड उचल आरंभिल्यामुळे २०२५च्या उत्तरार्धात रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात मायक्रॉन कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशियल’ हा व्यवसाय आवरता घेत असल्याचे जाहीर केले. याच कंपनीचा स्मृतीची जुळणी आणि चाचणी करणारा कारखाना गुजरातेत साणंद येथे २०२३ साली जाहीर झाला होता. तथापि त्याचा लाभ आमच्या गिऱ्हाइकाच्या खिशापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचेल, हे मला दिसत नाही. दरम्यान जुन्या पट्ट्यांना पुन्हा भाव आला आहे. त्या निरनिराळ्या मशीनांतून निघालेल्या, निरनिराळ्या चिपांच्या आणि निरनिराळ्या वयाच्या असतात. त्यांची जोडी लावण्यापूर्वी काय पाहावे यासाठी अखेरचे प्रकरण वाहिले आहे, आणि आरंभी त्याची योजना नव्हती. त्यात मेमटेस्ट८६ या चाचणीची कृती क्रमवार दिली आहे. ती चाचणी रात्रभर चालू ठेवण्याची सर्वत्र शिफारस असते; आमच्या भागासाठी मी दुपारची वेळ सुचविली आहे, कॅबिनेटचे झाकण बंद करून आणि खोलीतला कूलर न लावता, म्हणजे पट्टी गिऱ्हाइकाच्या घरी ज्या परिस्थितीत चालावयाची आहे त्याच परिस्थितीत तिची परीक्षा होईल.

वरवट बकाल
वैशाख, शके १९४८